डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मराठी भाषणांतील मतपरिवर्तनाची शैली

प्रस्तावना

ज्या समाजाला शतकानुशतके बोलण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्या समाजाच्या नेत्याचे भाषण केवळ विचारप्रसाराचे साधन राहत नाही. ते स्वतःच एक कृती ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाचा अभ्यास विपुल झाला आहे. त्या मानाने त्यांच्या मराठी भाषणांच्या शैलीकडे कमी लक्ष दिले जाते. येडशी परिसराला या विषयाशी जोडणारा एक दुवा आहे. दि. 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी जवळच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली व तिला डॉ. आंबेडकर उपस्थित राहिले. शिक्षणापासून वंचित राहिलेल्या श्रोत्यांपर्यंत ते क्रांतिकारक विचार कसा पोहोचवीत, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

श्रोत्याच्या अनुभवातून युक्तिवाद

वतनाचा प्रश्न या दृष्टीने उद्बोधक आहे. वतनाची जमीन ही वतनदाराला पिढीजात मिळकत व गावातील हक्क वाटत असे. अशा श्रोत्याला ‘हे वतन सोडा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या अभिमानालाच हात घालणे होते. डॉ. आंबेडकरांनी तत्त्वचर्चेऐवजी हिशेब मांडला. जमीन किती, तिचे वाटेकरी किती, बलुते किती मिळते आणि त्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस किती राबावे लागते, हा ताळा श्रोत्याला स्वतःच पडताळून पाहता येत असे. मालमत्ता वाटणारी वस्तू प्रत्यक्षात वेठ आहे, हा निष्कर्ष त्यामुळे बाहेरून लादलेला वाटत नसे. हाच विचार त्यांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या वतन दुरुस्ती विधेयकामागे होता. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा मात्र 1958 साली झाला.

वर्गीकरण व पूर्वपक्ष

दि. 31 मे 1936 रोजी मुंबईत महार परिषदेपुढे केलेले, पुढे ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध झालेले भाषण म्हणजे या शैलीचा सर्वांत विस्तृत नमुना होय. भाषणाचे नावच प्रश्नार्थक आहे. विषयाची आधी ऐहिक व आध्यात्मिक अशी विभागणी केली जाते. नंतर मनुष्यबळ, द्रव्यबळ व मानसिक बळ या तीन कसोट्यांवर अस्पृश्य समाजाची स्थिती तपासली जाते. धर्मांतराविरुद्धचे आक्षेप वक्ता टाळत नाही. ते स्वतःच पुढे आणून एकेकाला उत्तर देतो. शास्त्रीय वादपद्धतीत प्रथम पूर्वपक्ष व मग उत्तरपक्ष मांडला जातो. ज्यांना ती पद्धती शिकण्याचा अधिकार नव्हता त्यांच्यासमोर तीच पद्धती सोप्या मराठीत उभी राहते, ही बाब लक्षणीय आहे. समान रचनेच्या छोट्या वाक्यांची आवर्तने या तर्काला लय देतात. त्यामुळे वाचता न येणाऱ्या श्रोत्यालाही युक्तिवाद स्मरणात ठेवता येतो.

कृतीच्या अर्थाचा विस्तार

महाडच्या डिसेंबर 1927 मधील भाषणात वेगळे तंत्र दिसते. चवदार तळ्याचे पाणी हा वरवर पाहता स्थानिक प्रश्न होता. डॉ. आंबेडकरांनी त्याला मानवी समतेच्या प्रस्थापनेचा अर्थ दिला आणि परिषदेची तुलना 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. कोकणातील खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाला आपण जगाच्या इतिहासात सहभागी आहोत, ही जाणीव या तुलनेने दिली.

निर्णय श्रोत्याच्या हाती

दि. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवला येथे केलेल्या घोषणेचे सामर्थ्य विरोधाच्या रचनेत आहे. जन्म कोणत्या धर्मात व्हावा हे आपल्या हाती नव्हते, मरण कोणत्या धर्मात यावे हे मात्र आपल्या हाती आहे, असा तिचा आशय आहे. पूर्वार्धात अगतिकता तर उत्तरार्धात कर्तृत्व आहे. अमेरिकेतील माल्कम एक्स यांच्या 3 एप्रिल 1964 च्या क्लीव्हलंड येथील भाषणातही मतपेटी आणि बंदूक यांचा विरोध मांडून श्रोत्याला निवडीच्या टोकावर आणलेले आढळते. पुनरुक्ती, प्रश्न व रोजच्या अपमानांची उजळणी ही साम्यस्थळे दोघांतही आहेत. परंतु माल्कम एक्स यांच्या त्या भाषणात निकड प्रधान आहे, तर डॉ. आंबेडकर श्रोत्याला विचारासाठी अवधी देतात. 1936 च्या भाषणाचा शेवट ते बुद्धाच्या स्वयंप्रकाशित होण्याच्या उपदेशाने करतात. येवल्याची घोषणा आणि दि. 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूर येथील धम्मदीक्षा यांत 21 वर्षांचे अंतर आहे. क्षणिक आवेशावर उभे राहिलेले वक्तृत्व इतका काळ टिकत नाही.

समारोप

सारांश, या वक्तृत्वाची प्रखरता आवाजाच्या चढउतारात नसून श्रोत्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसविण्यात आहे. जयंतीच्या फलकांवर या भाषणांतील एखादे वाक्य उरते. त्यामागील हिशेब, आक्षेप व उत्तरे गळून पडतात. वाक्य पाठ करणारा विद्यार्थी अनुयायी होतो, संपूर्ण युक्तिवाद तपासणारा विद्यार्थी विचार करू लागतो. म्हणून मराठी, इतिहास व राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी किमान एक भाषण आरंभापासून अखेरपर्यंत वर्गात वाचणे अगत्याचे आहे. ज्या परिसरात वतनदारांची परिषद भरली, तेथील महाविद्यालयांवर ही जबाबदारी अधिकच येते.