अण्वस्त्रबंदीची गोष्ट : तीन की सात?

पाटणहून एक पत्र आलंय. ‘कोयनेच्या धक्क्यांनी आमची भांडी नेहमीच वाजतात. उद्या कुणी जमिनीखाली बाँब फोडला, तर तो ओळखायचा कसा?’ १९६३चा चाचणीबंदी करार नेमका याच प्रश्नापाशी अडला. हवेत, पाण्यात, अवकाशात बंदी आली. जमिनीखालचं रान मोकळं राहिलं.

स्फोट खडकाला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून प्रत्येक भूकंपमापन केंद्रावर पहिला हिसका ढकलल्याचाच उमटतो. भूकंपात खडक भेगेवर घसरतो, तेव्हा काही केंद्रांवर ढकलल्याची खूण, काहींवर ओढल्याची. शिवाय स्फोटाच्या पृष्ठलहरी दुबळ्या असतात. धक्का मोठा असेल तर हे स्वच्छ दिसतं. लहान असेल तर नोंद गोंगाटात बुडते, आणि राजकारण्यांना तेवढी फट पुरते.

सप्टेंबर १९५७मध्ये अमेरिकेने नेवाडात १.७ किलोटनांचा ‘रेनियर’ स्फोट जमिनीखाली केला. त्यांच्या अणुऊर्जा आयोगाने पुढे सांगितलं, की दोन-अडीचशे मैलांपलीकडे तो कळलाच नाही. अर्थ उघड होता : चोरी पकडता येत नाही, मग बंदी कशाला? आय. एफ. स्टोन हा स्वतःचं छोटं साप्ताहिक चालवणारा पत्रकार. त्याने सरकारी भूकंपतज्ज्ञांनाच गाठलं. दोन हजार मैलांहून लांब, अलास्कातल्या फेअरबँक्सलाही धक्का नोंदला गेला होता! आयोगाला निवेदन दुरुस्त करावं लागलं. मला हा किस्सा सांगायचा कंटाळा येत नाही.

तरी संशयास्पद धक्क्यांच्या जागी जाऊन पाहणी हवी, हा अमेरिकेचा हट्ट होता. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह वर्षाला तीन पाहण्यांपर्यंत आले, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सातपर्यंत उतरले, आणि घासाघीस तिथेच फिसकटली. माझ्या मते दोघांनाही सौदा मनापासून नको होता. चार भेटींसाठी पृथ्वीच्या पोटातल्या शेकडो चाचण्यांना वाट मिळाली.

भूकंपशास्त्राचं मात्र उखळ पांढरं झालं. चोरी पकडायची म्हणून अमेरिकेने पैसा ओतला आणि एकाच ठेवणीच्या यंत्रांची शंभरावर केंद्रं जगभर उभी केली. त्यांतलं एक पुण्यात, दुसरी शिलाँग, कोडाईकनाल इथे. नोंदी कुणाही संशोधकाला मिळत. भूपट्टांच्या सिद्धांताला त्यांनी बळ दिलं, आणि ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंपही याच जाळ्याने जगभर टिपला. पाटणकरांच्या धक्क्याचा अभ्यास बाँबच्या पैशातून झाला तो असा.

आता १९९६च्या सर्वंकष बंदी कराराच्या जाळ्यात १७० भूकंपकेंद्रं धरली आहेत. करार अजून लागू नाही. भारताची सहीही नाही. १३ मे १९९८चे पोखरणचे दोन छोटे स्फोट परदेशी केंद्रांना दिसले नाहीत, हे खरं. पण ऑक्टोबर २००६मध्ये उत्तर कोरियाने किलोटनाहूनही कमी ताकदीचा स्फोट केला, तेव्हा जाळं अर्धवट असूनही वीसेक केंद्रांनी तो टिपला. अगदी दक्षिण अमेरिकेतल्यासुद्धा.