मोकळ्या लहरींची वाटणी

४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा आपल्याकडे दूरदर्शनचा. त्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्‌झच्या १५ वाहिन्या बसतात. त्या वेळी आयआयटी मुंबईत असलेल्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून हिशेब मांडला, तेव्हा देशात जवळपास कुठेही यातल्या किमान १२ वाहिन्या मोकळ्याच असल्याचे दिसले. पुढे पालघर जिल्ह्यातल्या गावांत त्यांनी याच लहरींवरून इंटरनेट पोहोचवून पाहिले. वाय-फायला अडवणारी झाडी या लहरींना तितकी अडवत नाही.

जागा मोकळी आहे म्हणून कुणीही घुसून मात्र चालत नाही. मूळ हक्कदाराला त्रास न देता ती कशी वाटायची, हा कॉग्निटिव्ह रेडिओतला, म्हणजे भोवताल पाहून मोकळी वाहिनी वापरणाऱ्या रेडिओतला, पेच.

आधी वाहिन्या वाटायच्या. एकमेकांत व्यत्यय आणणाऱ्या दोन केंद्रांना एकच वाहिनी द्यायची नाही, हे नकाशा रंगवण्याचेच गणित. केंद्रे वाढली की अचूक उत्तर संगणकालाही लवकर सापडत नाही. बऱ्यापैकी उत्तरावर भागवतात. मग प्रक्षेपणाची शक्ती वाटायची. खडबडीत तळाच्या टाकीत पाणी ओतले की खोलगट भागात जास्त साचते, तशी कमी गोंगाटाच्या वाहिनीला जास्त शक्ती मिळते. हक्कदाराला सोसेल तेवढीच. पण फक्त एकूण वेग वाढवायचा ठरवला, तर हे गणित गावाच्या टोकाच्या घराला सरळ उपाशी ठेवते. म्हणून वेगांऐवजी त्यांच्या लॉगॅरिदमची बेरीज वाढवतात: ज्याला आधीच भरपूर मिळते, त्याच्या वाढीव वेगाला त्यात फारशी किंमत उरत नाही. मला या विषयातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

१९९९ मध्ये जोसेफ मितोला यांनी मांडलेला कॉग्निटिव्ह रेडिओ भोवताल ओळखून स्वतः निर्णय घेणार होता. पण डोंगराआडच्या यंत्राला हक्कदार ऐकूच येत नाही, आणि ते शांततेला रिकामी जागा समजते. त्यामुळे प्रत्यक्षात रेडिओ फारसा विचार करत नाही, मोकळ्या वाहिन्यांचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरला विचारतो.

अमेरिकेतल्या ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तसेच आहे. पहिला मान नौदलाच्या रडारचा. किनाऱ्यावरच्या संवेदकांनी ते टिपले की सर्व्हरने ३०० सेकंदांत इतरांना त्या वाहिनीवरून हटवायचे. दुसरे मानकरी लिलावातले. २०२० मध्ये त्यांनी साडेचारशे कोटी डॉलरहून अधिक मोजले. तिसरे फुकटे, त्यांना संरक्षण नाही. मात्र लिलावात घेतलेली वाहिनी एखाद्याने न वापरता ठेवली, तर सर्व्हर ती या फुकट्यांना देतो.