शोध घेण्याचा हक्क

आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या पोराला कुणी संशोधक म्हटले, तर आपण हसू. पाहणीदाराने शहरातून यावे, चार प्रश्न विचारून कागद घेऊन जावे आणि निष्कर्ष वाडीत कधी येऊच नये, हीच आपल्याला सवय. परंतु संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली प्रतिपादन केले. ज्यांच्या पुढाकाराने मुंबईत 'पुकार' ही संस्था उभी राहिली, तेच हे गृहस्थ. या संस्थेने वस्तीतल्या तरुणांनाच पाहणीचे शिक्षण दिले.

मुंबईच्या गोदीलगत कौला बंदर ही वस्ती आहे. तेथे या तरुणांच्या साहाय्याने मनःस्वास्थ्याची पाहणी झाली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. पाचशेहून अधिक रहिवाशांना ठरावीक प्रश्न विचारले, तेव्हा शेकडा सुमारे २३ जणांना मानसिक विकाराचा धोका दिसला. पण तो का, हे आकडा सांगत नाही. निवांत बसून मुलाखती घेतल्या, तेव्हा पाण्याची ओढाताण, शौचकूपांची वाण आणि घर पाडले जाण्याची धास्ती पुढे आली. आकड्याने दुखण्याची व्याप्ती कळली, बोलण्याने त्याचे मूळ.

आपल्याकडे मासळीविषयी निर्णय होतात, तेव्हा रापणीवरच्या पोरांनी वही धरली तर? रोजची मासळी ती मोजतील, आणि म्हाताऱ्यांना जुन्या हंगामांविषयी विचारतीलही. मात्र प्रश्न ठरविण्यात त्यांचा वाटा हवा, कामाचा मोबदला हवा आणि निष्कर्ष प्रथम वाडीत वाचला जायला हवा. नाहीतर तो पोर संशोधक न होता स्वस्तातला कारकून तेवढा होईल.