तारे कुणाच्या खांद्यावर?

माझे आजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढून परत आले. ओसरीवर बसून ते लढायांच्या गोष्टी रंगवून सांगत. पण एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली येई. विलायतेहून नुकताच आलेला, मिसरूडही नीट न फुटलेला गोरा सेकंड लेफ्टनंट समोर उभा राहिला, की वीस वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराने त्याला सलाम ठोकायचा. ‘‘लढाई आम्ही त्याला शिकवायची, अन् साहेब मात्र तो,’’ एवढेच ते म्हणत आणि तंबाखूची चंची उघडत.

काही वर्षांपूर्वी डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत भाच्याच्या दीक्षान्त संचलनाला गेलो, तेव्हा आजोबांची फार आठवण झाली. चेटवुड इमारतीसमोरचे ते भव्य मैदान, पायऱ्यांवरून ‘अंतिम पग’ टाकत जाणारी मुले, आणि नंतर आमच्या बहिणीने थरथरत्या हातांनी लेकाच्या खांद्यावरचे तारे उघडे केले तो क्षण! घरी परतल्यावर जगातल्या अशा नामांकित शाळांचा इतिहास वाचायला घेतला. कवायत, शिस्त, पहाटेची धाव हे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच. खरा फरक आहे तो दरवाजात कुणाला घेतले, यात.

गंमत म्हणजे तीन मोठ्या शाळांची मुळे १८०२ या एकाच सालात सापडतात. अमेरिकेत वेस्ट पॉइंट, फ्रान्समध्ये पुढे सँ-सीर म्हणून गाजलेली शाळा, आणि इंग्लंडमध्ये पुढे सँडहर्स्टला गेलेले लष्करी कॉलेज.

फ्रान्सचे उदाहरण बोलके आहे. १७८१ मध्ये तिथे फर्मान निघाले, की अधिकारी व्हायचे तर चार पिढ्यांचे खानदान दाखवा. आठ वर्षांत राज्यक्रांती झाली आणि ती अट खानदानांसकट वाहून गेली. खुद्द नेपोलियन जुन्या राजवटीच्या लष्करी शाळेत शिकला होता, गरीब सरदारपुत्र म्हणून. त्याने नवी शाळा काढली. १८०८ मध्ये ती सँ-सीरला गेली. १९१२ मध्ये द गॉल तिथूनच बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावात जुनी वास्तू उद्ध्वस्त झाली, आता शाळा ब्रिटनी प्रांतात आहे. पण टोपीवरचा तो लाल-पांढरा तुरा तसाच आहे.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथे पायदळातले आणि घोडदळातले हुद्दे चक्क विकत मिळत. पायदळातल्या सर्वांत खालच्या अधिकाऱ्याच्या जागेचा सरकारी भाव होता ४५० पौंड. तोफखाना आणि इंजिनिअर यांना मात्र ही सवलत नव्हती, कारण चुकलेला तोफगोळा बापाची श्रीमंती बघत नाही! त्यांच्यासाठी वुलविचला १७४१ पासून वेगळी शाळा होती. हुद्द्यांची विक्री १८७१ मध्ये बंद झाली. तरी सँडहर्स्टची फी दुसऱ्या महायुद्धापर्यंत पालकांनाच भरावी लागे. म्हणजे दुकान बंद झाले, पण उंबरठा उंचच राहिला.

वेस्ट पॉइंटला फी नव्हती. काँग्रेसचे सदस्य आपापल्या मतदारसंघातली मुले सुचवत, म्हणून कातडी कमावणाऱ्याचा मुलगा ग्रँट तिथे शिकू शकला. थेअर यांनी १८१७ पासून गणित आणि इंजिनिअरिंगचा असा धाक बसवला, की देशाचे रेल्वेमार्ग आखायलाही याच शाळेची मुले पुढे आली. पण याही दरवाजाला एक अदृश्य कडी होती. गुलामीत जन्मलेला हेन्री फ्लिपर १८७७ मध्ये तिथून अधिकारी होऊन बाहेर पडणारा पहिला कृष्णवर्णीय. शिकत असताना गोऱ्या सोबत्यांनी त्याच्यावर जवळजवळ बहिष्कारच टाकला होता.

आणि त्याच १८०२ साली आपण कुठे होतो? पुण्याच्या वेशीवर होळकर आणि शिंदे-पेशवे एकमेकांशी झुंजत होते. शिंद्यांकडे डी बॉइनने उभे केलेले कवायती कंपू होते, उत्तम तोफा होत्या. पण कंपूंचे वरचे अधिकारी भाडोत्री युरोपियन. १८०३ मध्ये युद्ध पेटताच इंग्रजांनी जाहीरनामा काढला आणि त्यांतले कितीतरी अधिकारी शिंद्यांना सोडून गेले. असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी शर्थ केली, ते तोफांपाशी मेले. आपल्याकडे शिपाई होता, तोफ होती. हुकूम देणारा आपला माणूस घडवायचे राहून गेले.

पुढे सव्वाशे वर्षे तो दरवाजा आपल्यासाठी बंदच होता म्हणायला हरकत नाही. १९१८ मध्ये सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या, एवढीच फट. कोल्हापूरचे थोरात त्याच फटीतून आत गेले आणि लेफ्टनंट जनरल झाले. अखेर १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनची अकादमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण. पंधरा खुल्या परीक्षेतून, दहा संस्थानी फौजांतून, आणि पंधरा थेट पलटणीतून! परीक्षेतून आलेल्यांत सॅम माणेकशा होते. पलटणीतून आलेल्यांत शिपाई म्हणून भरती झालेले महंमद मुसा होते, ते पुढे पाकिस्तानचे सरसेनापती झाले. आजोबांच्या पंगतीतला माणूस पहिल्यांदा त्या पायऱ्या चढला तो तेव्हा.

आता खडकवासल्याची तीन वर्षे आणि डेहराडूनचे एक मिळून आपले शिक्षण वेस्ट पॉइंटइतकेच लांब आहे; सँडहर्स्टचे ४४ आठवड्यांत उरकते. वेस्ट पॉइंटने १९७६ मध्ये मुलींना घेतले. खडकवासल्याला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाची वाट पाहावी लागली. २०२५ च्या मे महिन्यात सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

डेहराडूनला त्या दिवशी आणखी एक दृश्य पाहिले. भाच्याला कवायत शिकवणारे ‘उस्ताद’, एक पन्नाशीकडे झुकलेले सुभेदार, समोर आले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. कालपर्यंत त्यांच्या ओरडण्याने थरथरणारा पोरगा गोरामोरा झाला. मला आजोबांचे शब्द आठवले, म्हणून धीर करून उस्तादांना विचारले, ‘‘वाईट नाही वाटत?’’

ते हसले. म्हणाले, ‘‘कशाचं वाईट साहेब? माझा धाकटा यंदा परीक्षेला बसलाय.’’