एका वर्षाचे अध्यक्षपद आणि सभासदांची यादी

उच्च शिक्षणातल्या प्राध्यापकांच्या संघटना ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार सेवाशर्तींसाठी भांडणाऱ्या संघटनांचा. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातली ‘सुटा’ आणि राज्य पातळीवरचा प्राध्यापक महासंघ, म्हणजे ‘एमफुक्टो’, ही त्यांतली परिचित नावे. दुसरा प्रकार विषय-परिषदांचा. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी अशा प्रत्येक विषयाची एखादी परिषद असते. तिचे वर्षातून एक अधिवेशन भरते, त्यात शोधनिबंध वाचले जातात, एक अध्यक्षीय भाषण होते आणि जमल्यास एखादा अंक निघतो. लढाऊ संघटनांचे पदाधिकारी अनेक वर्षे टिकतात. विषय-परिषदेचा अध्यक्ष बहुधा एका वर्षाचा पाहुणा असतो.

कडेगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीच्या थोडे आधी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या अशाच एका परिषदेचे अध्यक्षपद वर्षभर माझ्याकडे होते. विषयाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते कमीअधिक फरकाने सगळ्याच विषयांना लागू आहे. एका वर्षाचा अध्यक्ष नेमके काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एक वर्षाची मुदत ही काही आमच्याकडची लहर नव्हे. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या भारतीय विद्यापीठ संघाचे अध्यक्षपदही एकेका वर्षासाठी एकेका कुलगुरूंकडे जाते. यामागचा विचार सरळ आहे. मान सर्वांना मिळावा, गट बनू नयेत, आणि विद्वानाचा फार वेळ प्रशासनात जाऊ नये. या विचाराची किंमत मात्र कोणी सांगत नाही. अध्यक्ष निवडला जातो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. त्यानंतर बँकेतल्या सह्या बदलायच्या, नव्या कार्यकारिणीची नोंद व्हावी म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज करायचा (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत), मग पुढच्या अधिवेशनासाठी यजमान महाविद्यालय शोधायचे. एवढ्यात परीक्षा येतात, उत्तरपत्रिका येतात, ‘नॅक’ची समिती येते. उरलेल्या दोन-तीन महिन्यांत भाषण लिहायचे आणि हार घालून घ्यायचा.

माझ्या वर्षात मी भाषणाऐवजी सभासदांची यादी हातात घेतली. त्याला कारण घडले. कडेगावात सकाळी आणि विट्याला दुपारी तासिका घेणाऱ्या एक मॅडम निबंध पाठवण्याआधी फोनवर म्हणाल्या, “सर, प्रमाणपत्रावर माझ्या नावापुढे काय लिहिणार?” त्या नेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेल्या, अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या. आदल्या वर्षी त्यांच्या प्रमाणपत्रावर नुसते नाव होते. पूर्णवेळ प्राध्यापकांच्या नावापुढे पद आणि महाविद्यालय दोन्ही होते. मी नियमावली काढून पाहिली. सभासद होण्यास पात्र कोण, तर ‘विद्यापीठाने मान्यता दिलेला पूर्णवेळ शिक्षक’. म्हणजे मॅडम नोंदणी शुल्क भरू शकत होत्या, निबंध वाचू शकत होत्या, स्वागतकक्षात पिशव्याही वाटू शकत होत्या. पण सर्वसाधारण सभेच्या वेळी त्यांना सभागृहाबाहेर थांबावे लागत होते. गेल्या काही अधिवेशनांच्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या, तेव्हा निबंध वाचणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मंडळी अशीच बाहेर थांबणारी निघाली.

ही परिस्थिती कशी आली ते थोडक्यात सांगतो. महाविद्यालये वाढली, मंजूर पदे त्या मानाने भरली गेली नाहीत. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, राज्याने नव्या पदभरतीवर निर्बंध घातले. २०२१ साली सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरायला परवानगी मिळाली, पण रिक्त जागांच्या तुलनेत ती अपुरी होती. मधल्या काळात वर्ग चालूच होते, आणि ते तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी चालवले. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे मानधन सुचवले. राज्याचा तासिकेचा दर त्याहून खालीच राहिला आहे. शिवाय घेतलेल्या तासिकेचेच पैसे मिळतात. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा आणि परीक्षांचे आठवडे बिनपगारी जातात. नेमणूक दर वर्षी नव्याने होते, त्यामुळे जून उजाडला की अकरा वर्षे शिकवणाराही उमेदवारच असतो.

‘पूर्णवेळ, मान्यताप्राप्त’ ही अट आमच्या परिषदेने शोधून काढलेली नव्हती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षकाची व्याख्याच तशी आहे. त्या कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर दहा शिक्षक निवडून जातात. त्यांचे मतदारही त्याच व्याख्येतले. कायद्याला आपली कारणे असतील. पण विषय-परिषदेने ती व्याख्या उसनी घेण्याचे काय कारण? परिषद पगार देत नाही, नेमणूक करत नाही. विषयाचे काम करणाऱ्यांना एकत्र आणणे एवढाच तिचा उद्देश आहे.

इथे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. आपल्याकडच्या विद्वत्संस्था ज्यांनी उभ्या केल्या त्यांतले कितीतरी जण आमच्या नियमावलीप्रमाणे सभासद होऊ शकले नसते. भारतीय गणित संस्थेची सुरुवात १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी केली. ते प्राध्यापक नव्हते, डेप्युटी कलेक्टर होते. वर्गणी जमवायची, परदेशी नियतकालिके मागवायची आणि ती टपालाने सभासदांत फिरवायची, असे ते साधे काम होते. त्या ग्रंथालयाचे घर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजनांचा पहिला लेख छापला गेला. तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती, आणि नोकरीचे म्हणावे तर तेही धड नव्हते.

इतिहासाचेही तेच. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे वि. का. राजवाडे कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. त्यांचे सहसंस्थापक खंडेराव मेहेंदळे हे सरदार होते. पुढे १९३५ साली दत्तो वामन पोतदार यांच्या पुढाकाराने या मंडळातच देशभरातल्या इतिहासकारांची परिषद भरली. अलाहाबादचे शफाअत अहमद खान तिचे अध्यक्ष होते. तीच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस झाली. अधिवेशनाचा अध्यक्ष दर वेळी बदलत गेला, संस्था टिकली. ती टिकली याचे श्रेय दार कोणासाठी उघडे आहे, या पहिल्या दिवशी झालेल्या निर्णयाला बरेचसे द्यावे लागते.

यादीत नाव असण्याने काय होते, याचे उलट बाजूचे उदाहरण अगदी जवळचे आहे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना नेमले गेलेले हजारो प्राध्यापक राज्यात होते. त्यांच्या सेवा नियमित कराव्यात या मागणीसह महासंघाने ४ फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. तो १० मेपर्यंत चालला. शासनाने बहिष्कारात सामील झालेल्यांचे ७१ दिवसांचे वेतन रोखले. विद्यार्थ्यांचे निकाल लांबले, पालकांनी शिव्या घातल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पण २७ जून २०१३ रोजी त्या प्राध्यापकांबाबतचा शासन निर्णय निघाला. बहिष्कार योग्य होता की नाही, यावर मतभेद आहेत आणि ते असावेत. मला त्यातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. ज्यांच्यासाठी एवढी किंमत मोजली गेली, ते संघटनेचे सभासद होते. पात्रतेची परीक्षा उत्तीर्ण असूनही यादीबाहेर राहिलेल्या तासिका शिक्षकासाठी ७१ दिवसांचा पगार कोणी पणाला लावलेला माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा नियमावलीत दुरुस्ती करायचे ठरवले. ही वाट कशी असते ते नव्या पदाधिकाऱ्यांनी समजून घ्यावे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १२ प्रमाणे संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर सभासदांना आधी लेखी प्रस्ताव पाठवावा लागतो, विशेष सभेत तीन-पंचमांश मते मिळवावी लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तोच ठराव तेवढ्याच बहुमताने कायम करावा लागतो. आमच्या नियमावलीने सभासदत्वाच्या दुरुस्तीलाही हीच पद्धत लावून घेतली होती. म्हणजे बारा महिन्यांतले पाच-सहा केवळ सूचना, टपाल आणि गणपूर्ती यांत जाणार हे उघड होते.

विरोधही झाला आणि तो सगळाच वाईट हेतूचा नव्हता. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “आज तासिकेवर आहेत, उद्या बँकेत लागतील. त्यांच्या मतावर परिषद चालवायची का?” दुसरे म्हणाले, “यांना सभासद केले की पूर्णवेळ पदे भरा ही आपली मागणीच दुबळी होते.” दुसरा आक्षेप मला वजनदार वाटला. आपण तासिका पद्धत मान्य करतो असा अर्थ निघू नये, म्हणून ठरावाच्या प्रास्ताविकात रिक्त पदे भरण्याची मागणी आधी लिहिली आणि सभासदत्व नंतर. पहिल्या सभेत तडजोड निघाली. सलग तीन वर्षे शिकवणाऱ्याला सभासदत्व आणि मत मिळावे. पदाधिकारी मात्र पूर्णवेळच असावेत. ठराव आवश्यक बहुमताने मंजूर झाला. दुसऱ्या सभेला गणपूर्ती झाली नाही. तोवर माझे वर्ष संपले.

एका वर्षाच्या अध्यक्षाचे खरे संकट हेच आहे. त्याचे काम नेहमी दुसऱ्याच्या हातून पूर्ण होते किंवा होत नाही. म्हणून जाताना मी इतिवृत्ताची पूर्ण प्रत, पाठवलेल्या सूचनांच्या पोचपावत्या आणि विरोधकांची कारणे त्यांच्याच शब्दांत लिहून पुढच्या अध्यक्षांच्या स्वाधीन केली. त्या पहिल्या सभेत विरोधात मत देणाऱ्यांपैकी होत्या. तरीही त्यांनी नियमाप्रमाणे सभा पुन्हा बोलावली, आणि त्यांच्या वर्षात ठराव कायम झाला. फायलीत कारणे नसती, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले असते असे त्याच मला म्हणाल्या.

कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या भेटीच्या दिवशी मान कोणाचा हे परंपरेने ठरलेले असते. खांदा देणारे मात्र गावातल्या सगळ्या जातीधर्मांचे असतात, आणि खांदा देणाऱ्याला कोणी नेमणूकपत्र विचारत नाही. आमच्या परिषदेने मानाचा नियम अजून सोडलेला नाही. तासिका शिक्षकाला पदाधिकारी होता येत नाही. ते कलम आज ना उद्या कोणा एका वर्षाच्या अध्यक्षाला हाती घ्यावे लागेल. त्याला सुरुवात जूनमध्येच करावी लागेल, कारण दोन सभांमधला महिना कायदा कमी करत नाही.

मॅडम आता परिषदेच्या सभासद आहेत. प्रमाणपत्रावर त्यांच्या नावापुढे पद आणि दोन्ही महाविद्यालयांची नावे असतात. त्यांची नेमणूक मात्र अजूनही दर जूनला नव्याने होते.