त्याचं चाललंय अजून

सहकारनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी आहे. तिचा सिमेंटचा चौथरा एका कोपऱ्यात फुटलाय आणि त्या फटीत आघाडा उगवलाय. गेल्या श्रावणात एका पहाटे मी बाल्कनीत उभी होते. पाऊस नुकताच थांबला होता. खाली त्या चौथऱ्यापाशी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ एका म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला घेऊन उभे होते. कुत्र्याचं नाक फटीत, आणि गृहस्थ नुसते उभे. हातात मोबाइल नाही, कानात काही नाही, पट्ट्याला ओढ नाही. मी आत जाऊन चहा टाकला, गाळला, कप घेऊन परत आले, तरी दोघं तिथंच. शेवटी न राहवून वरूनच विचारलं, "काही झालंय का हो त्याला?"

"न्हाई ताई," ते म्हणाले, "त्याचं चाललंय अजून."

ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या घरीही कुत्री आहे. चिंगी, गावठी, सहा वर्षांची. तिला मी रोज खाली नेते, पण तिचं काही 'चाललंय' म्हणून मी कधी थांबल्याचं मला आठवेना. "चल, चल" एवढंच मी तिला बाहेर म्हणत आले.

त्या गृहस्थांना सगळी सोसायटी मामा म्हणते. नाव छापायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं, म्हणून इथंही ते मामाच. लोकांची कुत्री फिरवणं हा त्यांचा धंदा. मूळचे फलटण तालुक्यातले धनगर. पुण्यात आले ते वॉचमन म्हणून. एका बंगल्यातल्या साहेबांचं कुत्रं फिरवता फिरवता शेजारच्यांनी विचारलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. आज त्यांच्याकडे आठ कुत्री आहेत. महिन्याला एका कुत्र्याचे अडीच हजार, दोन्ही वेळा न्यायचं असेल तर चार. मी त्यांच्यासोबत अकरा सकाळी हिंडले.

पहाटे पाचला ते पहिलं कुलूप उघडतात. पाच घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. पट्टा अडकवायचा, कागदाचे तुकडे आणि पिशवी खिशात, जिना उतरायचा, शी उचलायची, परत आणून पाय पुसायचे, पाणी ठेवायचं. हे सगळं यंत्रासारखं होतं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखं आहे ते मधलं थांबणं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "एवढं थांबून कंटाळा नाही येत?"

"सकाळी अर्धा तास, सांच्याला अर्धा तास," मामा म्हणाले. "तेवीस तास घरात तुमचं चालतं. तुम्ही द्याल तवा खायचं, दावाल तितं झोपायचं, भुंकलं तर गप म्हणायचं. एक तास त्याचा. त्यात बी आपुनच वढायचं?"

तेवीस तास. त्या दिवसापासून हा आकडा माझ्या मागे लागला. मी घरी येऊन चिंगीचा हिशेब मांडला. सकाळी वीस मिनिटं, त्यात दहा फोनवर. संध्याकाळी पंधरा. तिच्या वाट्याला एक तासही नव्हता, तेवीस तासांहून जास्त ती बंदच होती.

मामांना शास्त्र ठाऊक नाही, पण ते जे करतात ते शास्त्राला धरून आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख धरतात. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, त्या 20-30 कोटींपर्यंत जातात. हुंगताना ते सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत ओढतं. आत गेलेल्या हवेतला एक हिस्सा फुप्फुसाकडे न जाता वासाच्या वेगळ्या कप्प्याकडे वळतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून निघतो, म्हणजे समोरचा वास उडून जात नाही, उलट जमिनीवरची आणखी हवा नाकाकडे खेचली जाते. हे सगळं मी वाचलं होतं. डोळ्यांनी बघितलं ते मामांसोबत उकिडवं बसून. त्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचं, ब्रूनोचं, नाक आघाड्याच्या पानापासून बोटभर अंतरावर होतं. दोन्ही बाजूंच्या चिरा भराभर उघडत-मिटत होत्या. नाकासमोरची माती, पावसाने भिजलेली असूनही, कणभर हलत होती. मग त्याने एकाच पानाच्या कडेला जीभ लावली, तोंड मिटलं, दात एकदा-दोनदा वाजवले आणि डोळे अर्धे मिटून स्तब्ध राहिला. कुत्र्याच्या टाळ्याशी वास ओळखणारं आणखी एक इंद्रिय असतं, दुसऱ्या कुत्र्याच्या खुणा त्याला कळतात. ब्रूनो तेरा वर्षांचा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय धरत नाहीत. त्या क्षणी मात्र त्याच्यात काहीही कमी नव्हतं.

मामा म्हणाले, "काल रातीला इथं कुणीतरी नवीन येऊन गेलंय." कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "हा रोज येवढं चाटत न्हाई."

अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाई कुत्र्यांच्या मनाचा अभ्यास करतात. त्यांनी आणि शार्लोट ड्युरांटन यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे नाकाने खाऊ शोधू दिला, काहींना मालकाच्या पायाशी नीट चालायला शिकवलं. नंतर एक वाटी अशा जागी ठेवली की तिच्यात खाऊ आहे की नाही याचा अंदाज येऊ नये. नाकाने काम केलेली कुत्री त्या वाटीकडे पूर्वीपेक्षा लवकर गेली, म्हणजे चांगलंच घडेल असं धरून चालली. पायाशी चालायला शिकलेल्या कुत्र्यांत तसा फरक पडला नाही. मी हे मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ब्रूनोच्या पाठीवरचा पाऊस पुसला. ओल्या कुत्र्याचा तो वास, ओल्या घोंगडीसारखा, त्यांच्या हाताला कायम असतो. मला तो आवडायला लागला.

घोंगडीवरून त्यांचं लहानपण निघालं. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे. वाड्यावर दोन कुत्री असायची. गळ्यात लांडग्यासाठी खिळ्यांचा पट्टा, पण साखळी कधी नाही. दिवसभर कळपामागे चालायचं, रात्रभर जागायचं. भाकरी आधी त्यांना, मग पोरांना. "खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंय, त्याला उपाशी ठिऊन कसं चालंल?" त्यांना फिरवायला कुणी नेलं नाही, कारण त्यांचं आयुष्यच फिरण्यात गेलं. "त्यांचे चोवीस तास त्यांचेच व्हते," मामा म्हणाले. मग आठव्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बघून, जिथं सिंबा नावाचा हस्की राहतो, ते गप्प झाले. हिमप्रदेशातला, गाडी ओढणाऱ्या जातीचा प्राणी पुण्याच्या फ्लॅटमध्ये. वैशाखात त्याला पहाटे साडेचारला काढावं लागतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, बाकी बरीचशी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. डांबराला हाताची मागची बाजू लावून मामा बघतात. चटका बसला तर सिंबा फक्त पार्किंगमध्ये. मला या हौसेचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

सुट्ट्यांच्या दिवसांत मामांचं काम वाढतं. लोक गावाला जातात आणि कुत्री मागे राहतात. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. स्वतःची गाडी असलेले मात्र हौसेने सोबत नेतात. अशांबद्दल मामा म्हणाले, "नेत्यात चांगलं. पर सहल कुणाची, हे बगायला पायजे."

ते मला उद्देशून नव्हतं, पण लागलं मलाच. गेल्या डिसेंबरात आम्ही चिंगीला घेऊन दिवेआगरला गेलो होतो. घरातलं माणूसच ते, मागे कसं ठेवायचं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. ताम्हिणी घाटात ती मागच्या सीटवर सारखी जांभया देत होती, ओठ चाटत होती, सीटवर लाळ पडत होती. मुलाने फोटो काढला, 'बघा किती खूश'. गाडी लागलेल्या कुत्र्याला लाळ सुटते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ताण आलेलं कुत्रं जांभई देतं, ओठ चाटतं, तोंड वळवतं, हे नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरीद रुगास यांनी कधीच लिहून ठेवलंय. माझ्या वाचनात ते त्यानंतर आलं.

किनाऱ्याला सुरूच्या बनात आम्ही लाल चेंडू फेकला. सुरूच्या वाळलेल्या काड्यांवर तो आम्हाला लांबूनही ठळक दिसत होता. ती त्याच्या दोन हातांवरून गेली आणि भांबावून उभी राहिली. आम्ही हसलो. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो. लाल त्याला मळकट तपकिरी दिसतो, म्हणजे त्या काड्यांसारखाच. तिने मग वाऱ्याच्या बाजूने वळसा घेतला, नाक खाली घातलं आणि चेंडू शोधून आणला. त्या वळशाचा फोटो कुणी काढला नाही.

वाटेत एके ठिकाणी सुकी मासळी वाळत घातली होती, शेजारी जाळ्यांचा ढीग. चिंगी तिथं गेली आणि हलेना. शेपटी अर्ध्यात स्थिर, एक पुढचा पाय उचललेला. आम्ही तीन वेळा तिला ओढून नेलं, वास येतो म्हणून. मुक्कामाच्या ठिकाणी कुत्री चालतात असं फोनवर सांगितलं होतं. गेल्यावर कळलं, जेवणाच्या वेळी बाहेर बांधायचं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ती माडाला बांधलेली होती. परत आल्यावर आम्ही शेजारी सांगितलं की चिंगीने फार मजा केली.

आता तिच्या बाजूने ती सहल मांडली तर काय उरतं? घाटातली मळमळ, माडाची दोरी आणि त्या जाळ्यांपाशी मिळालेली तीन-चार मिनिटं. आमच्या सबंध कोकणात तिचं कोकण तेवढंच होतं.

दहाव्या सकाळी एक प्रसंग घडला. ब्रूनोचे मालक व्यायामाहून परतत होते. त्यांनी ब्रूनोच्या गळपट्ट्याला अंतर मोजणारं यंत्र लावलं होतं. मोबाइलवर आकडा बघून ते म्हणाले, "मामा, अर्ध्या तासात एकशेदहा मीटर? मी पैसे कशाचे देतो?" माणूस वाईट नव्हता. कुत्र्याच्या औषधांवर ते किती खर्च करतात ते मला माहीत आहे. त्यांना खरंच वाटत होतं की कुत्र्याचा व्यायाम बुडतोय.

मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, पाय गेल्यात त्याचं. नाक न्हाई गेलं."

मालकांनी उत्तर दिलं नाही. थोडा वेळ तेही तिथं उभे राहिले. ब्रूनो आघाड्यापाशी होता. साहेबांच्या बुटांजवळून त्याने एकदा नाक फिरवलं, ओळखीची शेपटी दोनदा हलवली आणि पुन्हा फटीकडे वळला. पुढच्या दिवशी यंत्र गळ्यात नव्हतं, पण मामांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पगार कापला का, असं मी विचारलं, त्यालाही त्यांनी उत्तर दिलं नाही.

मी आता चिंगीला लांब पट्टा घेतलाय. पहिल्या आठवड्यात ती दर दोन पावलांना मान वळवून माझ्याकडे बघायची, ओढ येईल म्हणून वाट बघत. ते बघणं थांबायला नऊ दिवस लागले. डीपीपासून वळणापर्यंत माझी साठ पावलं होतात, तिला अठरा मिनिटं लागतात.

तुमच्या घरी कुत्रं असेल आणि त्याला फिरवायला तुम्ही कुणाला ठेवलं असेल, तर एक विनंती. किती लांब नेलंत, असं त्या माणसाला विचारू नका. आज कुठं थांबला होता, ते विचारा. मामांना आठही कुत्र्यांचं ते रोज सांगता येतं.