वडा तोच, चटणी चातुर्मासाची

आषाढ शुद्ध नवमी आपल्याकडे कांदेनवमी म्हणून ओळखली जाते. त्या दिवशी घरोघर कांदाभजी, कांद्याची थालिपीठे आणि वांग्याचे भरीत यांची चंगळ उडते, आणि दोनच दिवसांनी शयनी एकादशी आली की कांदा, लसूण व वांगे ही तिन्ही मंडळी कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत स्वयंपाकघराबाहेर जातात. मध्ये अधिक मास पडला, जसा २०२३ साली अधिक श्रावण पडला होता, तर या चार महिन्यांचे पाच होतात. घरच्या गृहिणीस याची अडचण वाटत नाही. तिच्या हाताला पिढ्यान् पिढ्यांचे वळण आहे. अडचण होते ती क्षेत्राच्या ठिकाणी हातगाडीवर वडे तळून संसार चालविणाऱ्याची. त्याच्या वड्याचा जीव वड्यात नसतो आणि पावातही नसतो. तो असतो त्या लाल, सुक्या चटणीत. आणि त्या चटणीचा जीव लसणात.

वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास मुंबईत दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे मानले जाते. म्हणजे पदार्थ अगदी अलीकडचा. परंतु वड्यावर काही ओतावे, वडा कशात तरी बुडवावा, ही कल्पना मात्र पुरातन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोगाचे जे प्रकरण आहे, त्यात दुधात व दह्यात मुरविलेल्या वड्यांचे वर्णन येते. राजाने राज्यशास्त्राइतक्याच गांभीर्याने वड्याचा विचार करावा, हे मला तरी त्याच्या शहाणपणाचेच लक्षण वाटते. त्या वड्यांत मिरची मात्र नव्हती. मिरची, बटाटा आणि शेंगदाणा ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या येण्याआधी आपल्याकडील तिखटपणाचा भार मिरे, पिंपळी आणि आले हीच वाहत असत. आजच्या गाडीवरील वड्याचा बटाटा परका, मिरची परकी, पावही परका. जुनी उरली ती हरभऱ्याची डाळ, हिंग-मोहरीची फोडणी आणि खाणाऱ्याची भूक.

आमच्या गावी वारीच्या दिवसांत मंदिराकडे येणाऱ्या एका रस्त्यावर अशीच एक गाडी उभी असते. काही वर्षांपूर्वी कीर्तन आटोपून परतताना मी तेथे थांबलो होतो. एक वृद्ध वारकरी बाई डोक्यावरचे गाठोडे उतरवून गाडीपाशी आल्या आणि त्यांनी विचारले, “माउली, यात लसूण आहे का हो?”

“वड्यात आहे थोडा, आणि चटणीत आहे, माउली,” तो म्हणाला.

“मग राहू दे बाबा,” असे म्हणून त्या बाई कडेला बसल्या आणि पदरातले मूठभर फुटाणे खाऊ लागल्या. गाडीवाला खोटे बोलला असता तर त्याचा वडा खपला असता. तो बोलला नाही, हे मी पाहिले. तेल निथळत ठेवून तो मला म्हणाला, “बुवा, दिवसातून अशी कितीतरी माणसं परत जातात. उपाशी जातात याचं वाईट वाटतं, आणि गल्ल्याचं वाईट वाटतं ते वेगळंच. पण लसूण काढला तर चटणीत उरतं काय?”

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर लसणाच्या नावातच दडलेले आहे. संस्कृतात लसणास ‘रसोन’ असे एक नाव आहे. रसाने ऊन, म्हणजे एका रसाने उणा. आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांपैकी पाच रस या एकट्या वनस्पतीत आहेत. नाही तो केवळ आंबट. मुळात तिखट, पानात कडू, देठात तुरट, देठाच्या अग्रात खारट आणि बीजात गोड, अशी वाटणीही ग्रंथकारांनी करून ठेवली आहे. मनुस्मृतीने द्विजांस लसूण वर्ज्य सांगितला, आणि वाग्भटाने राहूच्या कापलेल्या कंठातून गळलेल्या अमृतबिंदूंपासून त्याची उत्पत्ती सांगून त्यास रसायनांत बसविले. निषेध करणाऱ्यास आणि स्तुती करणाऱ्यास दोघांसही त्याचे सामर्थ्य मान्य होते, हे यावरून उघड व्हावे. तेव्हा लसूण काढला की एक चव गेली असे होत नाही. पाच जागा एकदम रिकाम्या होतात. गाडीवाल्यांची चूक होते ती नेमकी येथे. ते लसूण वगळतात आणि तीच चटणी तशीच पुढे करतात. मग गिऱ्हाईक तोंड वाकडे करते आणि दोष चातुर्मासाला जातो.

हे सारे मी त्याला सांगितले. माझ्यापाशी उत्तर होते ते ग्रंथातले. चटणी त्याच्या आईच्या हातात होती.

त्या माउलीने पहिली गोष्ट केली ती हिंगाची. हिंगाचा वास आणि लसणाचा वास यांचे मूळ एकाच जातीच्या, गंधकयुक्त द्रव्यांत आहे. म्हणून लसूण न खाणाऱ्या घरांनी फार पूर्वीपासून हिंगाला जवळ केले. हा हिंग आपल्याकडे अफगाणिस्तान व इराण या देशांतून येत आला. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची लागवड भारतात प्रथमच करण्यात आली. बाजारातील डबीतल्या हिंगात बहुधा पीठ मिसळलेले असते, हे उपवास करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. त्यांनी वड्याच्या सारणातून लसूण काढून आले वाढविले, हिंग फोडणीत तेलावर पुरता फुलू दिला आणि वरून लिंबू पिळले. वडा सुधारला, बिघडला नाही.

मग सुकी चटणी. वडे तळताना कढईत पिठाचे जे थेंब सुटतात त्यांचा कुरकुरीत चुरा प्रत्येक गाडीवर निघतो. हा चुरा, भाजलेले सुके खोबरे, भाजलेले तीळ, लाल तिखट, मीठ, चिमूटभर हिंग आणि आंबटपणासाठी आमचूर, एवढे एकत्र कुटले की लाल चटणी रंगानेही तीच आणि दाताखालीही तीच लागते. कडवट-तुरट अंगासाठी त्यात तेलावर कडकडीत केलेली कढीलिंबाची पाने चुरडावीत. सोबत कारळ्याची चटणी वेगळ्या डब्यात असावी. काळी म्हणून शहरचे लोक प्रथम बिचकतात, पण एकदा चव लागली की हात मागे येत नाही.

पावसाळ्यात दोडकी स्वस्त असतात आणि त्यांच्या शिरा फेकल्या जातात. त्या शिरा किसून थोड्या तेलावर तीळ, हिरवी मिरची आणि सुके खोबरे यांसह खरपूस परतल्या की जी चटणी होते, ती वड्याखाली पसरावी. पाव ओला होत नाही. सांडगी मिरची तळून वर चुरडावी हेही त्या बाईंचेच. ताकात मुरलेली, मेथी-धने-हिंग भरलेली ही मिरची एकटीच आंबट, खारट, कडू आणि तिखट असे चार रस घेऊन येते. मात्र ती उन्हाळ्यातच वाळवून ठेवावी लागते. ज्येष्ठात आभाळ भरून आल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

पण खरे यश मिळाले ते पंचामृताला. येथे तीर्थाचे पंचामृत अभिप्रेत नाही. नैवेद्याच्या पानात डाव्या बाजूस वाढतात ते. एक वाटी चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पाच-सहा हिरव्या मिरच्यांचे तुकडे, पाव वाटी तिळाचे कूट, थोडा गोडा मसाला, मीठ. मोहरी, मेथी आणि हिंग यांची फोडणी. हे मंद आचेवर दाट होईस्तोवर शिजू द्यावे. लसणात जो रस उणा, तो आंबट, येथे यजमान होऊन बसतो आणि बाकीच्या पाचांना जवळ बोलावतो. देवाच्या पानात पिढ्यान् पिढ्या चमचाभर वाढले गेलेले हे व्यंजन गरम वड्यावर ओतावे ही कल्पना कोणास का सुचली नव्हती, याचे मला आश्चर्य वाटते. गाडीवर मिळणाऱ्या बाटलीतल्या लाल सॉसपेक्षा ते शतपटीने श्रेष्ठ आहे. त्या सॉसमध्येही पुष्कळदा कांदा-लसणाची पूड असते. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचून पाहावीत.

चातुर्मासाचे नियम सर्वांचे सारखे नसतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधू’त आणि इतर निबंधग्रंथांत श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य करण्याचे व्रत आहे. ते तंतोतंत पाळणारा गाडीपाशी येणारच नाही, कारण कंदमुळेही शाकात मोजली की बटाटा गेला आणि कार्तिकात बेसनही गेले. परंतु अर्धेमुर्धे पाळणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी श्रावणात कोथिंबिरीच्या चटणीऐवजी सुकी चटणी आणि भाद्रपदात दह्याच्या चटणीऐवजी पंचामृत पुढे करणे काही कठीण नाही. प्रत्यक्ष एकादशीस गाडीवर साबुदाणावडा असतो; त्याच्याबरोबर आले, जिरे आणि मिरची घालून वाटलेली दाण्याची चटणी पुरेशी आहे.

एका गोष्टीची मात्र गय करू नये. लसणाचा वास मिक्सरच्या भांड्यात राहतो, डावात राहतो आणि तळणीच्या तेलातही उतरतो. ‘लसूण नाही’ अशी पाटी लावावयाची तर भांडी व कढई वेगळी हवीत. पाटी वाचून जो खातो तो स्वतः तपासत नाही, विश्वासावर खातो.

दुसरे पाण्याचे. एकोणिसाव्या शतकात यात्रांतून पटकीच्या साथी कशा पसरत, हे जुन्या लोकांकडून ऐकलेले आहे. पावसाळ्यात ओली हिरवी चटणी हाच गाडीवरचा सर्वांत धोक्याचा पदार्थ, कारण ती कच्ची असते आणि पाण्याने पातळ केलेली असते. ती करावयाचीच तर उकळून निवविलेल्या पाण्यात, लिंबू घालून, थोडी थोडी करावी. उरलेली संध्याकाळी टाकून द्यावी, दुसऱ्या दिवशीच्या चटणीत मिसळू नये. चातुर्मासाच्या या चटण्या बहुतेक सुक्या किंवा शिजविलेल्या आहेत, हा त्यांचा आणखी एक गुण. आणि वडा वर्तमानपत्राच्या कागदात बांधू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी ते निषिद्धही केले आहे. प्रस्तुत लेखास उद्या तीच गती मिळण्याचा संभव असल्याने हे येथेच सांगून ठेवतो. केळीचे पान किंवा पळसाची पत्रावळ उत्तम.

त्या गाडीवर आता आषाढी ते कार्तिकी लसूण येत नाही. कार्तिकी एकादशीचे पारणे झाले की लसणाच्या चटणीचा डबा पुन्हा फळीवर चढतो, आणि पहिले दोन दिवस तरुण पोरे त्यावर तुटून पडतात. पंचामृताचे पातेले मात्र खाली उतरलेले नाही. गेल्या मार्गशीर्षात मी गेलो तेव्हा ते स्टोव्हच्या कडेला होते, झाकलेले आणि अर्धे रिकामे.